खाडीचे थेंब मोजणारे मास्तर

म्हसळ्याच्या शाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा एकोणीसशे तीस साल उजाडायचं होतं. पहिल्याच दिवशी गणिताच्या परचुरे मास्तरांना विचारलं, "शाळेत मुलं किती?" ते गंभीरपणे म्हणाले, "आठ पूर्णांक चार दशांश, गुणिले दहा." मला वाटलं, चौऱ्याऐंशी म्हणायचं सोडून नव्या माणसाची फिरकी घेताहेत. पण मास्तर कुठलीही मोठी संख्या सरळ लिहूच देत नसत. "आकडा कितीही माजू दे, टिंबाच्या डावीकडे एकच अंक बसेल, तोही शून्य नव्हे. टिंब जितकी घरं सरकवाल तितका दहाचा घात. मग समुद्रसुद्धा पाटीवर मावतो!"

समुद्र ते उगीच म्हणत नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी चंपा आगबोटीपर्यंत उतारू नेणाऱ्या पडावातून खाडीत पडली, ती सापडलीच नाही. तेव्हापासून मास्तर रोज खाडीचं पाणी तांब्यात आणून ओसरीवर थेंब थेंब गाळत बसत. एकदा मध्येच हात वर करून मला म्हणाले, "गप्प! हा थेंब बोलला." मीही नकळत कान दिला.

मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, रडकुंडीला येत. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांची बाहुली करून अग्नी द्यायचा असतो हो. पोरीनं किती दिवस ओल्यात राहायचं?"

मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "ती कुठल्या थेंबात आहे ते कळल्याशिवाय अग्नी देऊ कुणाला?"

एकदा त्यांनी वर्गात गणित घातलं: एक थेंब म्हणजे खाडीचा कितवा भाग? कोळीवाड्यातल्या हिरूनं फळ्यावर उत्तर मांडलं. अंक बरोबर, घातही बरोबर, पण घाताआधीचं उणे चिन्ह राहिलं. झालं, थेंब खाडीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा झाला! मी दारातच होतो. आता छडी बसणार, असं वाटलं.

"न्हाय मास्तर, चुकलं माजं," हिरू घाबरून म्हणाला. "पुसतो."

"पुसू नकोस." मास्तरांनी त्याचा हात धरला. "थेंब एवढा मोठा असेल, तर कुठल्याही थेंबात ती मावेल. मग शोधायचं कशाला?"

त्याच आठवड्यात खाडीकाठी बाहुलीचा विधी झाला. पानं कडकडीत वाळलेली होती, मीच उन्हात घातली होती. तरी बाहुली पेट घेईना. वाकून पाहिलं तर पानापानातून पाणी ठिबकत होतं. भटजी मागे सरले. मी बोटाला लावून चाखलं, तर खारट!

एकटे मास्तर घाबरले नाहीत. न्हालेल्या पोरीचे केस पुसावेत तशी त्यांनी उपरण्यानं ती बाहुली हळूहळू टिपली. "आलीस?" म्हणाले, आणि काडी लावली.