भेगेत राहिलेली नळी

शालिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत डबा उघडून बसलो होतो. "सुहासभावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मधूभाऊंना हृदयविकाराचे दोन झटके आधीच येऊन गेले होते. तरी पिस्कॅटवे गावातल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या मनात दुःखाच्याही आधी एकच गोष्ट घोळत होती... आता ते सांगायचं राहूनच गेलं. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

मधूभाऊ मूळचे अमरावतीचे, खनिजांचे अभ्यासक. मी पुण्याहून इथल्या विद्यापीठात आलो तेव्हा ते तिथे बारा वर्षं 'तात्पुरते' संशोधक होते. दरवर्षी नवा करार, दरवर्षी तीच धाकधूक. "अरे, आपलं घोडं कधीतरी गंगेत न्हाईलच," म्हणून हसायचे. या परक्या देशात मला हाताशी धरलं ते त्यांनीच.

उन्हाळ्यात आम्ही पश्चिमेला, वॉशिंग्टन राज्यातल्या एका ज्वालामुखीवर जायचो. ऐंशी साली तो फुटला होता आणि खडकांच्या भेगांतून तापलेले वायू अजून सुटत होते. भेगेच्या तोंडाशी ते निवले की दगडावर स्फटिकांचा पातळ थर धरतो, पिवळा, पांढरा, कधी नारिंगी. पावसाच्या एका सरीत विरघळून जाणारा. मधूभाऊ मास्क लावून, गुडघे टेकून तो चिमट्याने सोडवायचे. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, आणि तोंडाने चालू, "मॉइश्चर लागू देऊ नको रे, बाटली आधी ड्राय कर."

एका वर्षी त्यांना सुयांसारखे हिरवे स्फटिक सापडले. त्यांत निकेल होतं, आणि ते ज्ञात खनिजांच्या कुठल्याच यादीत बसत नव्हते. महिनोन् महिने तपासण्या करून त्यांनी नव्या खनिजाचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय समितीकडे मान्यतेसाठी पाठवला. विभागप्रमुखांनी कायम नोकरीचा शब्द दिला. वहिनींनी श्रीखंड केलं. मीही दोनदा मागून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी नमुना हवा म्हणून ते तीच भेग खणत होते. आतून निघाला बोटभर लांबीचा, चाळण झालेला पोलादी तुकडा. वायू गोळा करायच्या आमच्याच नळीचा. निकेल त्या पोलादातलं होतं. माणसाने टाकलेल्या वस्तूतून जे तयार होतं त्याला खनिज म्हणत नाहीत, हे मधूभाऊंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी तो तुकडा रुमालात गुंडाळला आणि म्हणाले, "चल, वारा फिरतोय."

ती नळी मी ठेवली होती. सुया सापडण्याच्या आदल्या वर्षी, शेवटच्या दिवशी धूर अंगावर आला, मी घाबरलो आणि एक नळी तशीच सोडून पळालो. वहीत मात्र लिहिलं, 'सर्व नळ्या काढल्या.' माझा व्हिसा विभागाच्या हातात होता. मी मूग गिळून गप्प बसलो. मधूभाऊंनी प्रस्ताव मागे घेतला, तोंडाशी आलेला घास गेला. करारही वाढला नाही. शेवटची चार वर्षं त्या माणसाने सिमेंटचे नमुने तपासण्यात घालवली. कायम झालो तो मी.

गेल्या रविवारी वहिनींनी तळघरातले कागद आवरायला बोलावलं. एका फायलीत समितीला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत होती. मधूभाऊंनी सगळा दोष स्वतःवर घेऊन लिहिलं होतं, 'नळ्या काढायची जबाबदारी माझी होती, एक नळी मीच विसरलो आणि वहीतली नोंदही माझ्याच सांगण्यावरून झाली.' तो कागद घेऊन मी वर गेलो. वहिनी पोळ्या करत होत्या.

"वहिनी, ती नळी..."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. तव्यावरची पोळी उलटली. "ते लेटर मीच टाईप केलं. पत्रात भावजींचं नाव घाला म्हणून भांडले त्यांच्याशी. तर म्हणाले, त्याला अजून इथे सेटल व्हायचंय."

म्हणजे गेली चार वर्षं मी येत होतो, त्यांच्या हातचं जेवत होतो, आणि त्या सगळं माहीत असून वाढत होत्या. मधूभाऊ समोर बसून माझ्या प्रमोशनची चौकशी करत होते... मला रडू आलं. वहिनींनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे न बघता पान मांडलं.

"बसा, भावजी. गार होतंय."

मी बसलो, आणि पानातलं सगळं संपवलं.