हनीफभाईंचं दुकान वाचवताना

आधी चहा संपवा. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! बावन्न वर्षांचा माणूस, शाळेत मराठी शिकवतो, कधीमधी पेपरात लिहितो, आणि तरी असला गाढवपणा करतो. पण लपवू तरी कुणापासून? अर्ध्या जुन्या जालन्याला आधीच माहीत आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हनीफभाईंचं किराणा दुकान आहे. सुमन, माझी पत्नी, वीस वर्षं तिथूनच सामान आणायची. तिला तूरडाळ बिनपॉलिशचीच लागायची, आणि पोहे जाड निघाले तर ती ते परत पाठवायची. मला यातलं ओ की ठो कळत नसे. ती गेली त्याला दीड वर्ष होत आलं. पण हनीफभाईंना सगळं पाठ! मी नुसतं "डाळ" म्हटलं, की पिशवीत तिचीच डाळ पडते. माझ्या हातच्या वरणाला तिची थोडीशी चव येते, ती या एका माणसामुळे.

तर या उन्हाळ्यात दुकानात पाऊल टाकलं आणि पाहतो तो काय! गव्हाची, तांदळाची पोती गायब! मोठा तराजू गायब! फळ्या अर्ध्या रिकाम्या, चारांतली एकच ट्यूब चालू, आणि हनीफभाई एकटेच पेपर वाचत बसलेले.

"हनीफभाई, मंदी?"

"बहोत मंदी, सर! महिन्याचा किराणा भरणंच बंद केलं लोकांनी. पावशेर न्या, आजचं भागवा. असंच चालून राह्यलं."

झालं! दुकान बुडालं, हे मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. आता मोठ्या मॉलमध्ये जाऊन मी काय सांगणार होतो? "सुमनची डाळ द्या"?

पैसे पुढे केले असते तर माणूस दुखावला असता. म्हणून शक्कल काढली. वरच्या फळीवर धूळ खात काही माल पडला होता. ज्याला गिऱ्हाईक नाही, तेच आपण घ्यायचं!

"ते सगळं द्या."

हनीफभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, ही मेंदीची पाकिटं हायेत. टिकल्या. केसाचे चाप."

"बिलकुल तेच."

"घरी कोणी पाहुणे येऊन राह्यले का?"

"समजा तसंच," मी म्हणालो. हीच ती चूक, लक्षात ठेवा.

पुढच्या आठवड्यात जाऊन पाहतो, तर फळी पुन्हा भरलेली! मनात म्हटलं, अरेरे, बिचाऱ्याचा किती माल अडकलाय! पुन्हा सगळं उचललं. तिसऱ्या आठवड्यात फळी आणखी भरलेली. मीही हटलो नाही.

चौथ्या आठवड्यात आमच्या फाटकातच पिशवी फाटली. चाप, टिकल्या, मेंदी, सगळं शेजारच्या कमलकाकूंच्या पायाशी!

"अगं बाई! कोणासाठी हो सर हे?"

आता हनीफभाईंची अब्रू मी चव्हाट्यावर आणणार होतो का? "काकू, नाजूक मामला आहे. कुठे बोलू नका."

कमलकाकूंना "बोलू नका" म्हणणं म्हणजे दवंडीवाल्याच्या हातात ढोल देणं! रविवारी पहिल्या बसनं माझी धाकटी बहीण भोकरदनहून दारात हजर. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात साडी.

"दादा, कुठंय ती?"

"कोण ती?"

"लाजू नको रे! वहिनीला जाऊन दीड वरीस झालं, मी काई बोलणार न्हाई. पण सख्ख्या बहिणीला हे कमलकाकूकडून कळावं?"

मी लाख समजावलं. ती ऐकेना, उलट स्वयंपाकघरात डोकावून आली! शेवटी तिला हाताला धरून दुकानात नेलं.

"हनीफभाई, आता सांगाच हिला. तुमचं दुकान बुडत होतं, म्हणून मी हे सगळं घेत होतो."

"बुडत होतं? माझं?" हनीफभाई उठले आणि त्यांनी मागचा पडदा सारला.

आत लखलखाट! सगळी पोती तिथे. चार बाया भराभर पावशेराच्या पुड्या भरत होत्या, आणि हनीफभाईंची सून रुखसाना दोन मोबाइलवर ऑर्डरी घेत होती. "अब्बा, जल्दी करा, मंठ्याला माल न्यायची गाडी लागली!"

"गिऱ्हाईक आता मोबाइलवर हाय, सर," हनीफभाई म्हणाले. "मंग समोर बत्ती कशाला जाळू?"

"आणि ती मेंदी? ती तर पडून होती ना?"

"पडलेली तुम्ही पहिल्याच दिवशी नेली! पुढची खास तुमच्यासाठी मंगवली. गिऱ्हाईक मागल ते ठेवा, मंदीत हाच धंदा. आम्ही समजलो, सरांच्या घरी शादी हाय."

रुखसाना म्हणाली, "तुमचं बघून मी लग्नघराचं पाकीट पण काढलं, सर. मेंदी, टिकल्या, चाप एकत्र. बहोत चालून राह्यलं!"

बहीण हसता हसता तांदळाच्या पोत्यावरच बसली.

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "पण ही पावशेराच्या पुड्यांची अक्कल कुणाची?"

"तुमचीच की! भाभी गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा दुकानात आल्ते. एका माणसाला डाळ किती लागते, तुम्हाला सांगताच येईना. मी पावशेर बांधून दिली. मागं एक बाई उभ्या होत्या, त्या म्हणल्या, मला पण तशीच द्या. तिथून सुरू झालं."

मी समोरची एक पुडी उचलून पाहिली. बिनपॉलिशची होती.

टिकल्या आणि चाप बहिणीनं आपल्या मुलींसाठी नेले, साडी स्वतःलाच ठेवली. उरली ती मेंदी, एकोणीस पाकिटं. सुमनला काही वाया गेलेलं चालत नसे. मग काय करणार? म्हटलं, डोकं पांढरं झालंच आहे, भिजवावी आणि लावून टाकावी. सूचना वाचायला चष्मा सापडला नाही, म्हणून रात्रभर डोक्यावर तशीच ठेवली.

सकाळी शाळेला निघालो तेव्हा डोकं गाजरासारखं पेटलेलं होतं. बहिणीनं आदल्याच दिवशी कमलकाकूंना सगळा खुलासा केला होता, आणि त्यांना तो पटलाही होता.

मला पाहताच काकूंनी फाटकातूनच गल्लीला हाक दिली, "या गं बायांनो, बघा! मी म्हणलं न्हवतं? आता तर केसं पण रंगवले!"