हमीदचाचा, टॉवेल काढा!

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चिडून उठून जाणारा माणूस मी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं. स्लाइडवर दिसेल तेच खरं, असा माझा खाक्या. तरी हे लिहितोय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

१९९०. कुवेत, जाब्रिया. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीसमोरच मुलांचं हायस्कूल होतं. तिथले वॉचमन रत्नागिरीकडचे हमीदचाचा — पांढरी दाढी, फटकळ तोंड. सकाळी पोरांचा नुसता कल्ला आणि त्याच्यावर चाचांचा आवाज. ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं आणि शाळेत सैनिकांनी मुक्काम ठोकला. चाचांना चहापाण्यासाठी ठेवून घेतलं. त्यांचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा कुवेती मालक, पासपोर्टासकट पळालेला, जाणार कुठे? मी एम्बसीत खेटे घालून त्यांचे कागद करून आणले. जॉर्डनच्या बसमध्ये दोघांना जागाही मिळाली, दुसऱ्या दिवशीची.

"शाळेतून ट्रंक घेऊन येतो रे. दोघांचं जेवाण करून ठेव," चाचा म्हणाले.

दुपारी धुळीचं वादळ उठलं. अशा वेळी आम्ही सगळेच करायचो तेच चाचांनी केलं. टॉवेल ओला करून नाकातोंडावर गच्च बांधला. पण त्यांना ओळखणारी तुकडी सकाळीच बदलली होती. नव्या सैनिकांच्या लेखी तोंड झाकलेला माणूस म्हणजे छुपा हल्ला करणारा कुवेती. त्यांनी बंदुका उचललेल्या मला वरून दिसल्या.

"हमीदचाचा, टॉवेल काढा! टॉवेल काढा!"

वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना. गोळ्या मात्र ऐकू आल्या. अंधार पडेपर्यंत ते गेटात पडून होते आणि मला कुणी जवळ जाऊ देईना. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी एकटाच चढलो.

इराकी हटल्यावर, १९९१च्या उन्हाळ्यात हॉस्पिटलने परत बोलावलं. फ्लॅट तोच मिळाला. या वेळी बायको पहिल्यांदाच सोबत आली होती. समोर शाळा बंद, आत सुरुंग असतील म्हणून गेटला साखळी. खिडक्या फुटलेल्या, भिंती इराक्यांनी पेटवलेल्या तेलविहिरींच्या धुराने काळ्याठिक्कर.

एका दुपारी पुन्हा तशीच धूळ. मी गॅलरीतले कपडे काढत होतो आणि... गेटाच्या आत, तोंडाला टॉवेल, हातात ट्रंक! चालायची ढब तीच. विचार करायच्या आधीच मी ओरडलो, "चाचा, टॉवेल काढा!"

ते थांबले. वर पाहिलं. टॉवेल सोडून खांद्यावर टाकला आणि हात केला. मग धुळीचा एक लोट आला आणि तिथे कुणीच नव्हतं. गेटची साखळी जागच्या जागी होती.

बायको शेजारी येऊन उभी राहिली होती. "कोण हो ते पांढऱ्या दाढीवाले? ऐकलं की त्यांनी तुमचं!"

चाचांबद्दल मी तिला अवाक्षर बोललो नव्हतो. मला बोलवतच नसे. मी तिथेच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

लोक म्हणतात, मनाचे खेळ. असतील... पण मग तिने काय पाहिलं? भीती वाटत नाही, चीड येते. गॅलरी तीच, वारा तसाच, हाकही तीच — मग तेव्हा का नाही ऐकू गेली?