कोंडूभाऊंचं लाटणं आणि गल्लीचं ‘छान’

निम्म्या पोळ्या झाल्या आणि मी गॅस बंद केला. उरलेल्या कणकेवर ताट झाकलं. पोळी एका कडेला पापडासारखी आणि दुसऱ्या कडेला भाकरीएवढी जाड होत होती. कणीक माझीच, हातही माझेच. नवीन होतं ते फक्त लाटणं.

लाटणं कोंडूभाऊंनी दिलेलं. शेलार गावातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची लाकूड कातायच्या खरादीची शेड आहे. कापडाच्या लूमला सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या लागायच्या तेव्हा त्यांची खराद दिवसभर फिरायची. पुढे प्लास्टिकच्या कांड्या आल्या, तेव्हा ते लाटणी, पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब कातू लागले. माझ्या लेकीचा पाळणाही त्यांच्याच हातचा.

गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. पाण्याचा पेला धरता येईना. तरी चेंडू दाबून दाबून हात चालता केला आणि गेल्या महिन्यात शेड उघडली. पहिली लाटणी गल्लीत घरोघरी वाटली. “वापरून बघा न् सांगा,” एवढंच म्हणाले. मी तेव्हा लेकीकडे कल्याणला होते, म्हणून माझं काल मिळालं.

ते लाटणं आणि एक पोळी घेऊन मी बाहेर आले, तर त्यांचा मुलगा नरेंद्र पूर्णा गावच्या गोदामात ड्युटीला निघाला होता. त्याला पोळी दाखवली.

“काकी, बाबांना छान म्हणा हां,” तो गाडीवरूनच म्हणाला. “सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. डॉक्टर बोलले, मन खूश ठेवा.”

“आणि चौरंगाचे पाय?”

वैशाख पौर्णिमेला विहारात बुद्धमूर्तीसाठी नवा चौरंग हवाय. त्याचे चार पाय कोंडूभाऊच कातणार, असं समितीने टाळ्या वाजवून ठरवलं होतं.

नरेंद्रने मान खाली घातली. “ते समितीच्या चिंधूकाकांनी फर्निचरवाल्याला दिलं. बाबांना सांगितलंय, लाकूड यायचंय.”

“अरे, तो माणूस रोज शेडच्या दारात टेम्पोची वाट बघतो!”

“मग काय, तोंडावर सांगू, तुमच्याच्याने होणार नाही?”

तो गेला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परवाच्या रविवारी आम्ही सगळे हात जोडून पंचशील म्हणत होतो. ‘मुसावादा वेरमणी’ला, म्हणजे खोटं बोलणार नाही म्हणताना, समितीचे सचिव चिंधूभाऊ यांचा आवाज सगळ्यांत मोठा. आणि उठल्याबरोबर खोटं! वर त्याला दया म्हणायचं. लहान मुलाच्या रेघोट्यांना म्हणावं तसं हे छान छान. चाळीस वर्षं लाकूड कातलेल्या माणसाला!

मी पोळी पदराखाली झाकून शेडमध्ये गेले.

“कोंडूभाऊ, लाटणं बिघडलंय तुमचं.”

“काय?” ते रागाने उठले. “अख्खी गल्ली छान म्हणते, तुलाच बरं बिघडलेलं दिसलं? आधी पोळ्या शिक जा!”

मी पोळी फळीवर ठेवली. त्यांनी दोन्ही कडा चिमटीत धरल्या. मग लाटणं जमिनीवर ठेवून हलकं ढकललं. ते सरळ जाईना, गोल फिरून माझ्या पायाशी आलं.

“एक टोक जाड राहिलंय,” ते म्हणाले. “तिकडं जाईपर्यंत हात दमतो.” मग एकदम आवाज चढला. “आन् कोन बोललं न्हाय! एवढ्या घरांत पोळ्या होतात, कोनाला कळलं न्हाय?”

“नरेंद्रने सांगून ठेवलं होतं. चौरंगाचं लाकूडही येणार नाही, भाऊ. ते काम दुसऱ्याला दिलंय.”

टेम्पोची वाट बघायचे त्या दाराकडे ते वळले. मला वाटलं, आता बसतील खाली.

“मेलो न्हाय ना मी?” ते ओरडले. “मग मेल्यावर बोलतात तसं चांगलं चांगलं कशाला बोलतात?”

त्यांनी लाटणं खरादीवर चढवलं. अर्ध्यापर्यंत कातलं, मोटर थांबवली, लाटणं उलटं फिरवून लावलं आणि दुसऱ्या टोकाकडून अर्धं कातलं. हात दमायच्या आत काम संपत होतं. परत जमिनीवर ढकललं.

“बोल आता.”

“अजून जरासं वाकडं जातंय.”

“जातंय ना?” पहिल्यांदाच हसले. “हां, असं बोल. म्हातारी झालीस, पण नजर हाय.”

मग त्यांनी काठी घेतली, टोपी घातली. “चिंधूला सांग, चारांतला एक पाय मी करनार. त्याच्या फर्निचरवाल्याच्या पायाशेजारी ठेवा. वाकडा असला तर सगळ्यांसमोर वाकडा बोलायचं. कानात न्हाय.”

“आणि आता एवढ्या उन्हात कुठे?”

“धामणकर नाक्याला, वखारीत. सागाचा तुकडा आनायला.”