एकेचाळिसावा चेंडू

कुत्रं पाळणाऱ्यांनो, जरा ऐका.

आमच्या मोतीला चेंडू आणायला मीच शिकवलं, कुणालाही न विचारता. आज सकाळी नागावच्या ओल्या, कडक वाळूवर मोजून चाळीस वेळा चेंडू फेकला. एकेचाळिसाव्याला तो पुढचा उजवा पाय उचलून लंगडत आला. तरी चेंडू माझ्यापुढे ठेवून तयार!

शेजारी जाळं साफ करणाऱ्या काकी म्हणाल्या, "दादा, बस कर की!"

"काकी, त्याला आवडतं."

"आवडतं कसलं? त्याला थांबता येत न्हाय. तुला तरी येतं काय?"

डॉक्टर म्हणाले, सांधा सुजलाय; सारखं धावून गर्रकन वळल्याने. पंधरा दिवस विश्रांती.

आता तो दारात बसून माझ्या खिशाकडे बघतोय. चेंडूशिवाय तुम्ही कुत्र्याला कसं रमवता? मला खरंच माहीत नाही.