काळूकाकांची बाही

जानेवारीत उल्हास नदीवरचं धुकं भल्या सकाळी मोहन्याच्या गल्ल्यांत शिरतं आणि नऊ वाजेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. अशा थंडीत नंदाचं मशीनही कुरकुरतं. शटर वर केलं की ती आधी मशीनला चार थेंब तेल पाजते, चिंधीवर दोन टाके मारून बघते आणि मग देवाला हात जोडते. देवाला घाई नसते, लग्नघरच्या बायकांना असते, असं तिचं म्हणणं.

नंदा साताऱ्याकडची. वीस वर्षं झाली मोहन्यात ब्लाउज शिवतेय. नवरा पोपट रिक्षा चालवतो. तिचा गाळा काळुराम भोईरांच्या इमारतीत, तळमजल्याला. काळूकाका एके काळचे शेतकरी. शेतावर इमारती उठल्या, गळ्यात सोन्याची साखळी आली, पण आवाज अजून बांधावरचाच. दिवाळीच्या आसपास त्यांच्या किडन्यांनी दगा दिला. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार कल्याणला डायलिसिस. दारात मुलाची गाडी उभी, पण काका जाणार पोपटच्या रिक्षातूनच. "गारीत काचा लावतात. कोनाशी बोलाचा?"

या मंगळवारी मात्र पोपट हॉर्न वाजवून वाजवून परत आला. काका खाली उतरलेच नाहीत.

बुधवारी नंदा दोन शहाळी घेऊन वर गेली. तुळसाकाकींनी दार उघडलं, पिशवी बघितली आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या.

"ठेव गो त्या कोपऱ्यान. भावबंद बसलेत तिथं."

कोपऱ्यात नऊ शहाळी रांगेत बसली होती.

"काकी, एवढी?"

"त्याला चालत नाय ना! डॉक्टरनी बंदी घातलीय. केली खायाची नाय, शहालं पियाचं नाय, पानीसुदा मोजून. पन आजारी मानसाकरं जाताना शहालं न्यायचं, हे सगल्या गावाला पाठ. मंग पिनार कोन? मी! आजारी तो, आनि बालसं मी धरलंय."

नंदाला पिशवी कुठं लपवू असं झालं. खाटेवर काका पाठ करून बसले होते. पाय चांगलेच सुजलेले.

"उद्या येणार ना, काका? पोपट सातला गाडी लावतो."

"नाय."

"एक खेप चुकली तर पाय बघा कसे झालेत. दुसरी चुकली तर..."

"मना शिकवू नको, पोरी!"

उपदेश करणारी नंदा काही पहिली नव्हती, आधीचे उपदेशही शहाळ्यांबरोबरच आले असणार. ती म्हणाली, "शहाळं आणलं ते चुकलंच माझं. तुम्हाला काय पाहिजे, ते सांगा की."

काका वळले. "मना? दोन महिन्यांत कोनी इचारला नाय." मग भिंतीकडं बघत म्हणाले, "डायलिसिसला थंडी वाजते गो. वर एसी, खाली लोखंडी खाट. ज्या हातान सुया, तो चार तास उघडा. स्वेटरची बाही वर चढत नाय."

"सत्काराच्या शाली आहेत ना पेटीभर?"

"घसरतात. आनि हात हलवाचा नाय. मंग सिस्टर, शाल. सिस्टर, शाल. ती पोरगी बिचारी धावते, माझी मान खाली जाते. हजार मानसाच्या पंगतीला हाका देनारा मी!"

"अरे देवा," काकी म्हणाल्या, "ह्याच्यासाठी गेला नाय? मना वाटलं सुईला भितो."

"सुईला? मी?" काका कडाडले, आणि नंदाला ते बरं वाटलं. गळ्यातली टेप काढून तिनं तिथंच त्यांचं माप घेतलं.

लग्नाचे ब्लाउज बाजूला सरकले. जाड फ्लॅनेलचा एक तुकडा पडून होता, त्याचा तिनं शर्ट बेतला. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी, कडेनं प्लॅस्टिकची टिचबटणं. पाहिजे तेवढंच उघडायचं, बाकीचा हात उबेत. पण ब्लाउज शिवणारा हात तो! सवयीनं बाही अशी अंगासरशी बसवली की नवरदेवानं घालावी.

दुपारी जेवायला आलेल्या पोपटनं ती बघितली आणि डायलिसिसच्या सिस्टरना फोन लावला. फोन ठेवून तो म्हणाला, "आवळेल असं काही नको म्हणाल्या. आणि सुयांची जागा सतत दिसली पाहिजे."

नंदानं अख्खी बाही उसवली. पुन्हा शिवली ती पोत्यासारखी ढगळ. "माझ्या हातून असलं काम कधी गेलं नव्हतं," ती काकींच्या हातात शर्ट देताना म्हणाली. "कुणी विचारलं तर दुकानाचं नाव सांगू नका."

गुरुवारी सातला पोपटनं हॉर्न दिला. नंदा कापडात कात्री घालून उभी, कात्री मात्र चालेना. दुसरा हॉर्न झाला. तिसरा झाला. मग जिन्यात काकींच्या बांगड्या वाजल्या आणि पाठोपाठ काका उतरले. अंगात निळा फ्लॅनेल, त्यावर सोन्याची साखळी.

"बगतोस काय रं पोपट? चालू कर रिक्षा!"

कात्री सरसर चालली.

दीडच्या सुमाराला काका थेट गाळ्यात आले, चेहरा उतरलेला, पण आवाज ठणठणीत.

"नंदे! खिसा कुठंय?"

"खिसा?"

"मोबाईल कुठं ठेवाचा? झोप लागली मना, आनि मोबाईल खाली परला. दोन महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली तिथं!" ते स्टुलावर बसले. "आनि शेजारच्या खाटेवर डोंबिवलीची मास्तरीन हाय. तिला असाच पायजे, पन फुलांचा. कोनी शिवला, इचारत होती."

"काका! नाव सांगू नका म्हटलेलं ना?"

"सांगितला. सगल्या हॉलला ऐकू जाईल असा सांगितला."

मागून काकी म्हणाल्या, "आता दारात शहालं दिसलं का परत पाठवते. बोलते, फ्लॅनेल आन, रंग पक्का बगून आन."

काका उठले. शर्ट काढून त्यांनी मशीनवर ठेवला. "शनवारी सातला पायजे. खिशासकट."

"मिळेल," नंदा म्हणाली.

दारात लग्नघरची बाई येऊन उभीच होती, कमरेवर हात ठेवून. नंदानं सुईत लाल दोरा ओवला आणि तिच्या ब्लाउजचे हूक लावायला घेतले.