नीलाताई आणि आईची मिश्री

आमच्या वस्तीतली नीलाताई गेल्याचं मला दुपारी कळलं, मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या घरातूनच ऑफिसची मीटिंग चालू असताना. झोपेतच गेली, असा तिच्या मुलाचा मेसेज होता. लॉकडाऊनमुळे अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, बाकी आम्ही स्क्रीनवर. निम्मे लोक मराठीत रडत होते आणि निम्मे स्पॅनिशमध्ये... तिला ते आवडलं असतं.

ती दातांची थेरपिस्ट. मेलबर्नच्या पश्चिमेला चिली आणि एल साल्वादोरहून आलेल्या कुटुंबांमध्ये तिनं उभी हयात घालवली. क्लिनिकमध्ये पेशंटची वाट बघत बसणं तिला जमायचं नाही. थेट स्वयंपाकघरात शिरायची, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये जेवणाची चौकशी करायची आणि स्वतःची कवळी काढून दाखवायची. बायका हसायच्या, मग आपापली दुखणी सांगायच्या. "फॉर्मवर कोणी खरं लिहीत नाही रे, ओट्यापाशी बोलतात," ती म्हणायची. मला हे जरा अतीच वाटायचं. मी आयटीतला माणूस, माझा फॉर्मवर विश्वास.

पहिल्या लॉकडाऊनच्या तोंडावर माझी आई इस्लामपूरहून आली आणि इथंच अडकली. हिवाळ्यात तिला तिखट सोसेना. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. दवाखान्यात फोन केला, तेव्हा पलीकडून विचारलं, तंबाखू? मी ठामपणे "नो" म्हणालो. खोटं बोललो नाही मी. आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात; आई फक्त मिश्री लावते, आणि मिश्री म्हणजे दात घासणं. त्यामुळे आमचा नंबर रांगेत पार मागे गेला.

नीलाताई जवळच राहायची. घरात यायला बंदी, म्हणून फिरायला निघाली की कुंपणापाशी थांबायची. आईशी भडंगावर बराच वेळ बोलून झाल्यावर तिनं सहज विचारलं, "आक्का, दात कशानं घासता?"

"मिसरीनं. आनि कशानं घासनार?"

"मीपण लावायचे, आईच्या डबीतली चोरून." मग माझ्याकडे वळून ऑस्ट्रेलियन थाटात म्हणाली, "मेट, त्यांना परत फोन कर. आत्ता. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, हे नीट सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आईची डबी बघत होतो मी.

परत फोन केल्यावर लगेच नंबर लागला आणि चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत नीलाताई रोज यायची, पण आईशी फक्त भडंगावर बोलायची. मला रात्री भीती वाटायची की माझ्या एका "नो"पायी आई जाणार. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, मिश्री सोडली तर चट्टा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. कुंपणाला धरून मी ढसाढसा रडलो आणि तिला थँक्यू म्हणालो. "थँक्यू राहू दे, आक्कांची डबी आण," एवढंच ती म्हणाली. डबी तिनं स्वतः कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली.

नीलाताईचं जाणं मनाला लागलं, पण सांगायचं काही राहून गेलं नाही, याचं समाधान वाटतं.

विमान मिळालं तशी आई इस्लामपूरला परत गेली. परवा सकाळी तिला व्हिडिओ कॉल केला. ती खिडकीत बसली होती, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात टॉर्च. समोर शेजारची शांताकाकू, आ वासून.

"आई, काय चाललंय?"

"नंतर कर फोन," आई म्हणाली, "अजून चौघीजणी बसल्यात."